सुभेदार रामजी सकपाळ : शिपायाच्या पेटीतला कागद

 विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांवर लेख असतो, माता रमाईवर असतो. पण ज्या बापाने बाबासाहेबांना रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवले, त्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळांवर दोन ओळींच्या वर सहसा कोणी लिहीत नाही. सैन्यात सुभेदार होते, कबीरपंथी होते, एवढं सांगितलं की लेखक पुढे जातो. म्हणून या वेळी आम्ही रामजीबाबांचे चरित्र सांगणार आहोत, आणि ते शिपाईगड्याचे चरित्र म्हणून सांगणार आहोत. शिपायाचं शौर्य कोण लक्षात ठेवतं, कोण विसरतं आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून घरच्या माणसाने काय करायचं असतं, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

रामजीबाबा ज्या परंपरेतून आले ती आधी पाहू. दरवर्षी १ जानेवारीला आपल्या वाशीम जिल्ह्यातूनही माणसं भीमा कोरेगावला जातात. तिथे काय घडलं होतं, हे सोबतच्या पोराबाळांना नीट सांगता आलं पाहिजे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची फौज शिरूरहून पुण्याकडे निघाली. मुंबई लष्कराच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणजे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि त्यांचे गोलंदाज असे मिळून आठशेच्या आसपास लोक. रात्रभर चालून ते सकाळी भीमेच्या काठी पोचले, तर समोर दुसऱ्या बाजीराव पेशव्याची वीस हजारांहून मोठी फौज. त्यातल्या निवडक तुकड्या गावात शिरल्या आणि दिवसभर घराघरांतून, गल्लीगल्लीतून लढाई चालली. नदी डोळ्यांसमोर, पण पाणी मिळेना. तरी शिपायांनी गाव सोडलं नाही. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. पुढे १८२१ साली तिथे स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर पडलेल्या शिपायांची जी ४९ नावे आहेत, त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ही महार शिपायांची नावे. इतर जातिधर्मांचे शिपाईही त्या दगडावर आहेत आणि त्यांचाही मान तेवढाच आहे.

कोरेगाव पुष्कळांना ठाऊक आहे. दब्राई मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. दुसऱ्या अफगाण युद्धात, १६ एप्रिल १८८० रोजी, दब्राई नावाच्या एका लहानशा ठाण्यावर तीनेकशे शत्रू चालून आले. हल्ला होणार ही खबर आधीच मिळाली होती. ठाणं सोडून जाता आलं असतं. पण १९ व्या मुंबई पायदळाचे मेजर वॉडबी आणि त्यांचे दोन शिपाई तिथेच थांबले. त्या दोन शिपायांची नावे इलाही बक्ष आणि सोननाक तान्नाक. तीन तास त्यांनी ठाणं लढवलं, काडतुसं संपली तेव्हा बाहेर पडून शत्रूच्या गर्दीत घुसले आणि लढत मेले. त्यांच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिलालेखात साहेबाच्या नावाबरोबर या दोघा शिपायांचीही नावे आहेत. दगडावर नाव आलं म्हणून आज सोननाकची गोष्ट आम्ही सांगू शकतो. ज्यांची नावं दगडावर आली नाहीत असे किती असतील, याचा विचार करावा.

आता काही बौद्ध घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. पाणातिपातापासून दूर राहण्याचे शील घेणाऱ्या आपण लढाईचा गौरव कशाला करावा? प्रश्न रास्त आहे. वैशालीचा सेनापती सिंह हा भगवंतांचा उपासक होता, हे लक्षात घ्यावे. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत फरक आहे, असे बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा अर्थ लावताना स्पष्ट केले आहे. आम्हाला रक्ताचं कौतुक नाही. भीती वाटत असताना जागा न सोडणाऱ्या माणसाचं कौतुक आहे.

तर अशा शिपायांच्या समाजात, १८४८ च्या सुमारास रामजींचा जन्म झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी हेही लष्करातलेच. गावात महारवाडा गावकुसाबाहेर, पाणवठा वेगळा, सावलीचाही विटाळ. आणि तोच माणूस पलटणीत गेला की अंगावर सरकारी डगला, खांद्यावर बंदूक, रांगेत सगळ्यांबरोबर पाऊल. गावाने नाकारलेला मान मिळवण्याचा हा एक रस्ता होता. १८६६ साली रामजी लष्कराच्या सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीत दाखल झाले. रस्ते करणं, पूल बांधणं, सुरुंग लावणं, खंदक खणणं हे या पलटणीचं काम. लढाईत बाकीची फौज पुढे सरकायची तर आधी या लोकांनी वाट करून द्यायची.

त्याच पलटणीत ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे मुरबाडकर घराणे होते. त्या घरातले पुरुष सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढलेले. त्या घरची लेक भीमाबाई रामजींना दिली. मुरबाडकर सुखवस्तू होते आणि रामजी तेव्हा साधे शिपाई. भीमाई मानी स्वभावाच्या होत्या. माहेरच्या पैशावर त्यांनी संसार केला नाही. या जोडप्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतली बाळाराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली एवढीच मोठी झाली. चौदावे रत्न म्हणजे आपले बाबासाहेब, जन्म १४ एप्रिल १८९१, महूच्या लष्करी छावणीत.

रामजीबाबांनी लष्करात मिळवलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असेल तर ती विद्या. त्या काळी पलटणीतल्या शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकणं सक्तीचं होतं. मुलांची शाळा दिवसा, मोठ्यांची रात्री. देशभर ज्या जातीला पाटीला हात लावू देत नव्हते, त्या जातीच्या बायकासुद्धा छावणीत लिहायवाचायला शिकल्या. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे सुमारे चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. मराठी उत्तम, गणित पक्कं, इंग्रजीही चांगलं. दारूला स्पर्श नाही. संध्याकाळी घरात कबीराचे दोहे आणि भजनं. क्रिकेट आणि फुटबॉलचीही त्यांना आवड होती, हे वाचून आजच्या पोरांना मौज वाटेल.

मग १८९२ साल आलं. इंग्रज सरकारने हुकूम काढला की महारांची लष्करात भरती बंद. त्या वेळी लष्करात एक नवीनच शास्त्र बोकाळलं होतं. काही जाती म्हणे जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या नाहीत. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. कोरेगावला रक्त सांडून झालं होतं, दब्राईला सोननाक पडून बारा वर्षंच झाली होती, आणि या लोकांना सांगण्यात आलं की तुम्ही लढणाऱ्यांतले नाही. ज्यांनी शौर्याचा दगड उभारला त्यांनीच त्यावरचा मजकूर वाचायचं सोडून दिलं.

हा घाव नुसता अभिमानाला लागला नव्हता. भरती बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद, छावणीतली शाळा बंद. शिपायाचा पोरगा पुन्हा गावकुसाबाहेर, मेलेली ढोरं ओढायला. एका पिढीने चढलेली पायरी दुसऱ्या पिढीच्या पायाखालून काढून घेतली.

अशा वेळी सुभेदार रामजी काय करू शकत होते? नोकरी संपत आली होती, पेन्शन ठरलेलं होतं. गप्प बसले असते तर त्यांचं स्वतःचं काही बिघडणार नव्हतं. पण ते गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जाऊन त्यांनी या हुकुमाविरुद्ध सरकारकडे करायच्या अर्जासाठी मदत मागितली. रानड्यांनी अर्जाचा मसुदा करून दिला. त्याच सुमारास कोकणात लष्करातूनच निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर हेही याच अन्यायाविरुद्ध लेखणी चालवत होते. १८९० साली त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी ही संस्था काढली होती आणि १८९४ साली त्यांनीही लष्करभरतीसाठी अर्ज तयार केला. हातात बंदूक राहिली नाही तेव्हा या जुन्या शिपायांनी कागद हातात घेतला.

सरकार बधलं नाही. १८९४ च्या सुमारास रामजीबाबा निवृत्त झाले, आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. १८९६ साली साताऱ्यात भीमाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे. घर रामजींच्या बहिणीने, मीराआत्याने सांभाळलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचं नाव दाखल झालं. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

१९०१ सालची गोष्ट. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता आणि रामजीबाबा तिथे रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. नवे कपडे घालून पोरं मसूर स्टेशनावर उतरली. येत असल्याचं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कोणी आलं नाही. जात कळली तसा एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण कासरा पोरांनी धरायचा आणि तो बाजूने चालणार. सोबत डबा होता, पण वाटेत पाणी मिळेना म्हणून पोरं उपाशी राहिली. रात्र एका नाक्यावर काढली. दुसऱ्या दिवशी ती बापाजवळ पोचली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, त्या बापाच्या मनाचा विचार करा. सारी उमर सरकारची चाकरी केली. सुभेदाराचा हुद्दा. पलटणीतल्या शिपायांनी ज्याला सलाम ठोकला, त्याच्या पोरांना घोटभर पाणी मिळालं नाही. कोरेगावच्या लढाईतली तहान आणि मसूरच्या वाटेवरची तहान यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. पहिल्या तहानेचा स्तंभ झाला. दुसरीचं काय करायचं, ते रामजीबाबांनी ठरवलं. त्यांनी पोरगं शिकवलं.

त्यासाठी ते मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. चूल तिथेच, सामान तिथेच, माणसं तिथेच, आणि अभ्यासही तिथेच. भीमराव लवकर झोपायचे आणि म्हातारे सुभेदार जागे राहायचे. रात्रीचे दोन वाजले की पोराला उठवायचं, मग आपण त्या जागी आडवं व्हायचं. पहारा बदलतो तसा हा प्रकार. पोरगं मिणमिणत्या दिव्यापाशी वाचत बसायचं. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, लेकीचा दागिना मागून आणायचे, गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. लेकींनीही तो दिला, हे विसरू नये. बाबासाहेबांच्या विद्येत मंजुळा आणि तुळसा या बहिणींचाही वाटा आहे.

आणखी एक गोष्ट बौद्ध म्हणून आपल्या जवळची आहे. भीमराव शाळेत असताना दादा केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलगा विचारात पडला. घरात रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाविषयी कधी काही का दिलं नाही, असं त्याने वडिलांना विचारलं. रामजीबाबांनी सांगितलं की, अस्पृश्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलाच्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून मी हे ग्रंथ वाचायला लावतो. द्रोण, कर्ण ही साधी माणसं किती उंचीला पोचली ते बघ. पाहा, उदाहरणं दिली तीही योद्ध्यांची! मुलाचं समाधान झालं नाही. त्या ग्रंथांतलं एकही पात्र आपल्याला आवडत नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. वडील निरुत्तर झाले, पण पोराला विचारू दिलं, बोलू दिलं. सुभेदाराच्या घरात शिस्त कडक होती, पण प्रश्नाला बंदी नव्हती. १९५६ साली नागपूरला जे घडलं त्याची एक वाट त्या खोलीतूनही गेली आहे.

१९१३ च्या जानेवारीत पदवी घेतलेले भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईकडे येताना सुरत स्टेशनावर ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या गाडीने उशिरा पोचले. सुभेदारांचा जीव जणू पोरासाठीच अडला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी लेकाच्या पाठीवरून हात फिरवून रामजीबाबांनी प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. ते पाहायला बाप नव्हता.

भरतीवरची बंदी उठलेलीही त्यांना पाहता आली नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली सरकारला महार आठवले आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज सरली आणि १९२१ साली तीही मोडली. बाबासाहेबांनी हा धडा पक्का लक्षात ठेवला. १ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले. १९३० च्या गोलमेज परिषदेत लष्कराचे दार आम्हाला का बंद, हा सवाल त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारला. १९४१ साली ते संरक्षण मंडळावर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी १९४२ साली आपल्या विदर्भात, कामठीला. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज या रेजिमेंटमध्ये अनेक प्रांतांचे, अनेक समाजांचे जवान आहेत. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या सभेत बाबासाहेब बोलायला उभे राहिले. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. रानड्यांशी आपली प्रत्यक्ष ओळख कधीच नव्हती, पण वडिलांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांत आपल्याला एक कागद सापडला, असं त्यांनी त्या सभेत सांगितलं. तो १८९२ च्या हुकुमाविरुद्ध महारांसाठी रानड्यांनी लिहून दिलेला अर्ज होता. विचार करा. सरकारने अर्ज मानला नाही. महू, दापोली, सातारा, परळ अशी घरं बदलली. बायको गेली, नोकरी गेली, दागिने गहाण पडले. पण शिपायाने तो कागद टाकला नाही. आणि पुढे बापाच्या सामानात पोराला तो मिळाला.

आपल्या वऱ्हाडाचंही पलटणीशी जुनं नातं आहे. १८५३ साली निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्या फौजेची एक छावणी शेजारी हिंगोलीला होती. पुढे कामठीची बटालियन निघाली आणि विदर्भातल्या पोरांना लष्कराचं दार जवळ आलं. आपल्या वस्त्यांतून, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोऱ्याच्या खेड्यापाड्यांतून कोणाचा आजा, कोणाचा काका, कोणाचा मामा फौजेत होता. त्यांच्या लोखंडी पेट्या माळ्यावर पडून आहेत. त्यात डिस्चार्जचं पुस्तक असेल, पदक असेल, पिवळा पडलेला फोटो असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जातं आणि पदक मोडीत जातं.

आमची विहारातल्या उपासक-उपासिकांना विनंती आहे की, या वर्धापनदिनानंतर त्या पेट्या खाली काढा. पदकाच्या कडेला शिपायाचं नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो पोरांकडून वाचून घ्या. कोणत्या साली भरती झाले, कोणत्या पलटणीत, कुठे लढले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि वहीत उतरवा. घरधन्याच्या माघारी शेत आणि पोरं सांभाळणाऱ्या आजीचंही नाव त्याच पानावर लिहा. ही वही विहारात ठेवावी, म्हणजे पुढच्या १ जानेवारीला कोरेगावला निघण्याआधी ती सर्वांसमोर वाचता येईल.

कोरेगावच्या दगडावर महार शिपायांची २२ नावं आहेत. आपल्या वस्तीतली नावं कोरायला सरकार येणार नाही. ती आपण लिहायची आहेत, आणि लिहिलेला कागद रामजीबाबांसारखा जपायचा आहे.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!